एतुर्नोचा चौथा हौद

१

तोडणीच्या दिवसांत सकाळचं माझं काम ठरलेलं. सात वाजता हौदघराचं कुलूप काढायचं, दिवे लावायचे आणि एकेका हौदात वाकून बघायचं. एतुर्नोच्या वाइनच्या मळ्यात मी सेहेचाळीस वर्षं हेच करत आलोय. तळघराचा प्रमुख म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण किल्ली कुणी परत मागितली नाही आणि मीही होऊन दिली नाही. हल्ली मला इथला इतिहासकार म्हणतात. म्हणजे पाहुण्यांची बस आली की त्यांना बागेची भिंत दाखवायची, ही मठातल्या लोकांनी रचली, फ्रेंच क्रांतीच्या वेळी लिलावात गेली, मग मुळं खाणारी कीड आली आणि सगळे वेल उपटून जाळावे लागले, अशी तीनशे वर्षं वीस मिनिटांत उरकायची. लोक माना डोलावतात आणि विचारतात, चाखायला कधी मिळणार.

हौदांचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. काळी द्राक्षं सालींसकट हौदात पडतात आणि रस आंबायला लागला की साली वर येतात. रात्रभरात त्यांचा हातभर जाडीचा थर होतो, फुगतो, मधोमध उंच होतो. तो थर सकाळ-संध्याकाळ खाली दाबावा लागतो, नाहीतर वरून सुकतो आणि अख्खा हौद नासतो. पूर्वी माणसं आत उतरून पायांनी तुडवायची. आता पंप आहेत. फक्त चार नंबरचा जुना ओकचा हौद अजून पायांनी तुडवतात, कारण पाहुण्यांना ते आवडतं आणि मालकीणबाई, मादाम क्लोतिल्द, त्याला परंपरा म्हणतात.

त्या मंगळवारी एक, दोन आणि तीन नंबरचे थर जसे असायला हवेत तसे होते, फुगलेले आणि कोरडे. चार नंबरचा थर खाली बसलेला होता. नुसता बसलेला नव्हता, तुडवलेला होता. साली ओल्या होत्या, वर गुलाबी फेस होता आणि बुडबुडे अजून फुटत होते.

जोफ्रुआ आला तेव्हा मी त्याच्यावर डाफरलो. हा सध्याचा तळघरप्रमुख, माझ्या हाताखाली शिकलेला, पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस.

"मला न विचारता उतरलास? आणि तेही एकटा?"

"मी? म्हातारबा, मला त्या हौदात उतरवायचं तर क्रेन आणावी लागेल."

"मग कोण उतरलं?"

"तुम्हीच उतरला असाल झोपेत. या वयात होतं असं. माझी सासू झोपेत भांडी घासते, आम्ही उठवत नाही तिला."

मी हसलो. काम तर झालं होतं, आणि चांगलं झालं होतं.

२

बुधवारी मी पावणेसातलाच गेलो. कुलूप शाबूत. खिडकी आतून बंद. चार नंबर पुन्हा तुडवलेला.

डोकं वापरायचं ठरवलं. थर आपोआपही बसतो, रस गार पडला, आंबणं मंदावलं की. तापमान बघितलं, अठ्ठावीस. मस्त चाललं होतं. तळाला कुठे गळती असेल म्हणून गुडघ्यावर बसून फळ्या चाचपल्या. एक थेंब नाही. मग मी शिडीवर चढून हौदावर आडव्या टाकलेल्या फळीवर बसलो आणि नीट बघितलं, आणि बघितलं नसतं तर बरं झालं असतं असं तेव्हाच वाटलं.

प्रत्येक तुडवणाऱ्याची एक रीत असते. कुणी मधून सुरू करतो, कुणी कुठेही पाय मारतो. इथे भिंतीकडच्या बाजूने सुरुवात केलेली होती, डावीकडून गोल गोल आत येत, आणि पाऊल टाकल्यावर टाच जरा फिरवलेली. टाचेच्या जागी वाटीएवढा खळगा. अशी टाच फिरवणारा माझ्या आयुष्यात एकच माणूस झाला. आम्ही त्याला मानू म्हणायचो.

तुडवण्याचा एक नियम आहे. तो पुस्तकात नाही, पण आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. रस आंबताना वायू सुटतो. दिसत नाही, हवेपेक्षा जड, त्यामुळे हौदातच साचून राहतो. म्हणून आधी दोरीला बांधलेली मेणबत्ती आत सोडायची. ती विझली तर उतरायचं नाही. जळत राहिली तर एक जण उतरणार आणि दुसरा वर फळीवर बसणार, आणि वरच्याने बोलत राहायचं. वरचा विचारतो, आहेस का. खालचा म्हणतो, आहे. उत्तर यायला उशीर झाला की ओढून काढायचं. आणि खालचा कधी स्वतःहून बाहेर येत नाही. वायूने डोकं जड होतं, किती वेळ झाला ते कळत नाही, उलट मजा वाटायला लागते. म्हणून बाहेर यायचं ते वरच्याने नाव घेऊन हाक मारल्यावरच. तोपर्यंत तुडवत राहायचं.

फळीवर बसलो की तोंडून ते आपोआप निघतं. सवयच तशी. रिकाम्या हौदघरात, सकाळी सात वाजता, मी खाली बघत म्हणालो, "आहेस का?"

"आहे," खालून उत्तर आलं.

थकलेला आवाज नव्हता. कामात असलेल्या माणसाचा होता.

मी शिडीवरून कसा उतरलो ते आठवत नाही. अंगणात येऊन नळाखाली डोकं धरलं. जोफ्रुआ ट्रॅक्टर घेऊन येत होता, त्याला मी म्हणालो की माझा रक्तदाब वाढलाय. तो म्हणाला, कॉफी कमी करा.

३

त्याच दिवशी दुपारी मादामनी मला कचेरीत बोलावलं. यंदा मळ्याला तीनशे वर्षं झाली म्हणून त्या एक जाडजूड पुस्तक काढतायत, त्यातला निम्मा मजकूर माझा. टेबलावर छापायच्या आधीची पानं पसरलेली होती. खिडकीशी एक बाई उभी होती, पस्तीस-सदतीसची, केस बांधलेले, हातात तोडणीची कात्री.

"फिर्मिन, ही लिदिया. सोमवारपासून तोडणीला आली आहे. आज मला सांगतेय की हिचे वडील इथे होते. त्र्याण्णव साली."

मी म्हणालो, "हो का."

"ते इथेच गेले," लिदिया म्हणाली. "हौदात."

मादामनी घसा साफ केला. त्र्याण्णवला त्या शाळेत होत्या, त्यांचे वडील मालक होते. त्यांना जे सांगितलं गेलं तेच त्यांना माहीत.

"मला कुणाकडून काही नकोय," लिदिया म्हणाली. "मी तिकडे क्लेरमाँला बस चालवते, माझं नीट चाललंय. फक्त एकदा बघायचं होतं. आणि जमलं तर एकदा त्या हौदात तुडवायचं होतं. आई गेली मार्चमध्ये. ती असती तर आले नसते."

"आईला आवडलं नसतं?" मादामनी विचारलं.

"आई त्यांचं नावसुद्धा घ्यायची नाही. दारू पिऊन मेला तो, एवढंच. गावात सगळ्यांना माहीत होतं. शाळेत मुलं माझ्यासमोर झोकांड्या खात चालायची." हे ती अगदी साधेपणाने बोलली. "तुम्ही ओळखायचात त्यांना?"

तिथे मला गप्प राहता आलं असतं. पण मादाम बघत होत्या, ती बघत होती, आणि माझ्या अंगात तो पाहुण्यांसमोर बोलणारा माणूस शिरला.

"ओळखायचो म्हणजे? भावासारखा होता मला."

तिचे डोळे भरून आले. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. तिचे हात द्राक्षांच्या रसाने चिकट झाले होते. मला तो हात सोडवून घ्यावासा वाटला आणि तेही जमलं नाही.

"मग ठरलं," मादाम म्हणाल्या. "शुक्रवारी पुस्तकासाठी फोटोवाला येतोय. लिदिया हौदात उतरेल, फिर्मिन फळीवर बसतील. सुंदर होईल ते."

४

आता जे झालं ते सांगतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या बायकोलाही नाही.

त्र्याण्णवला मी एकोणचाळीस वर्षांचा होतो आणि स्वतःवर फार खूश होतो. मानू खाली होता, मी फळीवर. मेणबत्ती सोडली होती, नीट जळत होती. तिथपर्यंत सगळं नियमाने. मग अंगणातून मालकांनी हाक मारली. पॅरिसच्या एका मासिकाचा फोटोवाला आला होता आणि मळ्यातल्या सगळ्या महत्त्वाच्या माणसांचा एक फोटो काढायचा होता. मी खाली बघितलं. मानू म्हणाला, जा तुम्ही, मी आहे.

मला त्याला आधी बाहेर काढायला हवं होतं. नाव घेऊन एक हाक. पण त्याला वर घ्यायचं, पुसायचं, पुन्हा उतरवायचं, यात दहा मिनिटं गेली असती, आणि मला भीती वाटली की तोपर्यंत माझ्याशिवायच फोटो काढतील. एवढंच. वाटेत मी घरात शिरून शर्टही बदलला. निळा. फोटोवाल्याने आम्हाला तीनदा हलवून उभं केलं. तो फोटो अजून मोठ्या दालनात लावलेला आहे, मी दुसऱ्या रांगेत, छाती काढून. कुणी विचारलं तर मी सांगतो की तो दिवस फार छान होता.

परत आलो तेव्हा थराच्या वर त्याची पाठ तेवढी दिसत होती.

पोलिसांना मी म्हणालो की मी फळीवरच होतो, तो सकाळपासून पीत होता, पाय घसरून गेला, मला धरता आलं नाही. मालक माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी मान हलवली. मानू दारूला शिवायचा नाही. आम्ही त्याची त्यावरून टिंगल करायचो, वाइनच्या हौदात उभा राहून लिंबूपाणी पितो म्हणून.

अजून एक राहिलं. तो हौद आम्ही ओतून दिला नाही. मालक म्हणाले, एवढं चांगलं साल आहे, कुणाला काय कळतंय. त्या हौदाची वाइन इतर हौदांत मिसळून पिंपांत भरली, पिंपं तळघरात गेली, आणि त्र्याण्णव हे आमचं सगळ्यात नावाजलेलं साल ठरलं. माझ्या मुलीच्या लग्नात मी स्वतः त्या सालाच्या सहा बाटल्या उघडल्या. मीही प्यायलो. चांगली होती.

मादामच्या पुस्तकात त्या सालाला चार पानं आहेत. त्यात तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आहे: त्या हंगामात एका हंगामी मजुराचा मद्यधुंद अवस्थेत अपघाती मृत्यू झाला. ओळ मी लिहिली आहे.

५

गुरुवारी सकाळी मी दार आतून लावून घेतलं. एकच गोष्ट करायची होती, जी एकतीस वर्षांपूर्वी राहून गेली होती. फळीवर बसलो. हौदाची कड घट्ट धरली.

चार नंबरचा थर माझ्यासमोर हलत होता. भिंतीकडून एक खळगा पडला. मग त्याच्या पुढे दुसरा. टाच फिरली तेव्हा सालींची चुरचुर ऐकू आली. थरावर कुणी नव्हतं. खळगे मात्र एकेक करून पुढे सरकत होते, संथपणे, दिवसभराचं काम असल्यासारखे.

"मानू," मी म्हणालो. "बाहेर ये."

खळगे पडत राहिले.

"मानू. झालं आता. बाहेर ये."

काही नाही. माझी हाक त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती, दुसऱ्या कुणाला मारल्यासारखी. आणि तेव्हा मला उमगलं की ती खरोखरच दुसऱ्या कुणाला मारलेली होती. पोर्तुगालहून येणाऱ्या मजुरांपैकी निम्म्यांना आम्ही मानू म्हणायचो. एक लंबू मानू, एक टकला मानू, एक लिंबू मानू. नऊ वर्षं तो आमच्याकडे येत होता आणि त्याचं खरं नाव मी कधी विचारलं नव्हतं. पोलिसांच्या कागदावर होतं, तो कागद मी न वाचता सही करून दिला. हजेरीच्या जुन्या वहीत मी गुरुवारीच दुपारी जाऊन बघितलं. तिथे नावं नव्हतीच, नुसतं लिहिलं होतं, पोर्तुगीज, अकरा.

जे नाव त्याचं नव्हेच, त्या नावाने माणूस बाहेर येईल कसा?

मादामना विचारलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कशाला हवंय. लिदियाला विचारायचं तर भावासारख्या माणसाचं नाव माहीत नाही हे कबूल करावं लागलं असतं. तरी मी जेवणाच्या सुट्टीत तिच्या शेजारी जाऊन बसलो. तोडणीवाले भिंतीच्या सावलीत पाव आणि सॉसेज खात होते. मी मोठ्या हुशारीने विचारलं.

"काय गं, घरी काय म्हणायचात त्यांना? लाडाचं काही?"

"मी? बाबा म्हणायचे."

"आणि आई?"

"आधी काय म्हणायची ते आठवत नाही. मग 'तो' म्हणायची." तिने चीजचा तुकडा कापून मला दिला. "इथे काय म्हणायचे त्यांना? कुणी काही लाडाचं नाव ठेवलं होतं?"

"नाही," मी म्हणालो. "नावानेच हाक मारायचो."

तिला ते ऐकून बरं वाटलं. मी चीज खाल्लं. पुढे जोफ्रुआ येऊन काहीतरी विनोद करून गेला, पण माझं लक्ष नव्हतं. तिला त्या हौदात उतरू द्यायचं नाही एवढंच मी ठरवलं होतं.

६

ते जमलं नाही. शुक्रवारी सकाळी मी मादामना म्हणालो की वायू फार आहे. त्या म्हणाल्या, मेणबत्ती सोडून बघा. जोफ्रुआने सोडली. ज्योत थराला टेकेपर्यंत सरळ उभी राहिली.

"घ्या म्हातारबा, चर्चमध्येसुद्धा इतकी नीट जळत नाही," तो म्हणाला आणि अंगणात निघून गेला. तिथे फोटोवाला जुन्या फोटोच्या जागेवरच सगळ्यांना उभं करत होता. आधी तो फोटो, मग हौदाचा.

लिदियाने पाय धुतले, पँट गुडघ्यांच्या वर दुमडली आणि शिडीने आत उतरली. मी फळीवर बसलो. दहा वाजले होते. खिडकीतून ऊन थेट हौदावर पडत होतं.

"गरम आहे," ती हसत म्हणाली. "मला वाटलं गार असेल."

"आहेस का?"

"आहे ना, तुमच्या समोरच आहे."

"असंच म्हणायचं असतं. आहेस का?"

"आहे."

"आहे," तिच्या मागून आवाज आला.

ती तुडवत पुढे गेली. तिने मधून सुरुवात केली होती, तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या मागे, भिंतीकडून, खळगे सुरू झाले. ते तिच्या अंगावर येत नव्हते. तिच्या पावलाशी पाऊल जुळवत होते. ती थांबली की थांबत, ती निघाली की निघत. दोनदा ती घसरली आणि दोन्ही वेळा काहीतरी धरल्यासारखी पुन्हा सरळ झाली.

अंगणातून मादामचा आवाज आला. "फिर्मिन, या ना. पाच मिनिटं. तुमच्याशिवाय कसा काढायचा?"

"जा तुम्ही," लिदिया म्हणाली. "मी आहे."

मी फळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. "लिदिया," मी म्हणालो, "बाहेर ये. आत्ता."

"आत्ताच तर उतरले."

"बाहेर ये म्हणतो ना."

माझा चेहरा बघून ती आली. शिडी चढली, फळीवर माझ्या शेजारी बसली, पायांवरून रस ठिबकत होता. आणि हौदातलं तुडवणं थांबलं नाही. पच्, पच्, मग टाचेची चुरचुर. तिने खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. तिने किंचाळावं असं मला वाटत होतं, म्हणजे मला पळता आलं असतं.

"कोण आहे आत?" तिने हळू विचारलं.

तेव्हा मी सांगितलं. फोटो सांगितला, शर्ट सांगितला, पोलिसांना काय म्हणालो ते सांगितलं. तो पीत नव्हता हे दोनदा सांगितलं. त्या वाइनचंही सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. एवढीशी गोष्ट होती, आणि तिने लहानपणापासून ती पाठीवर वाहिली होती.

ती माझ्यावर ओरडली नाही. ओल्या हाताने तिने कपाळ पुसलं, तिथे जांभळा पट्टा उमटला.

"मग त्यांना बोलवा ना," ती म्हणाली.

"बोलावलं. काल बोलावलं. मानू म्हणून."

"मानू कोण?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळत गेलं, एकेक पायरी. भावासारखा. नावानेच हाक मारायचो.

"तुम्हाला नाव माहीत नाही," ती म्हणाली.

"सांग मला. मी वर होतो, हाक मीच मारायला हवी. एकदा सांग."

"नाही," लिदिया म्हणाली. "तुमच्या तोंडी नको ते."

तिने मला फळीवरून उतरायला सांगितलं. हाताने ढकललं नाही, नुसती बाजूला झाली आणि मी उतरलो. शिडीच्या पायाशी जमिनीवर बसलो. वर ती पालथी झोपली, तोंड हौदाच्या आत घातलं आणि काहीतरी बोलली. एकच शब्द, मग पोर्तुगीजमध्ये आणखी थोडं. मला ऐकू आलं नाही.

तुडवणं थांबलं.

७

शिडीच्या पायऱ्या वाजल्या. आधी एकाच्या वजनाने, मग दुसऱ्याच्या. ओली पावलं फरशीवर उतरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

मी मान खाली घालून बसलो होतो, त्यामुळे मला दिसले ते फक्त पाय. चार पाय, शेजारी शेजारी, पोटरीपर्यंत जांभळे, बोटांमध्ये साली अडकलेल्या. दोघांचंही दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब. एक जोडी तिची. दुसरी पुरुषाची, तरुण, माझ्या तेव्हाच्या वयाहूनही लहान माणसाची. टाचा भेगाळलेल्या. फरशीवर त्याच्याभोवती रसाचं थारोळं साचत होतं आणि त्याला उबदार वास येत होता, चांगल्या सालाच्या वाइनला येतो तसा.

ते गेले नाहीत. त्यांना घाई नव्हती. मी एकदा वर बघावं एवढीच त्यांची अपेक्षा होती, हे मला कुणी न सांगता कळत होतं. शिवी नको होती, माफीही नको होती. तोंड वर करून त्याला एकदा बघायचं होतं, बस. एवढं कुणीही केलं असतं. मी शर्टाच्या बटणाकडे बघत राहिलो. मनात म्हणत होतो, आता बघतो, आता बघतो, आणि मान काही उचलवत नव्हती.

"फिर्मिन," अंगणातून मादामनी पुन्हा हाक मारली. "सगळे थांबलेत तुमच्यासाठी."

आणि मी म्हणालो, "आलो."

भिंतीला धरून उठलो आणि त्या पायांना वळसा घालून, मान खाली ठेवूनच, बाहेर उन्हात जाऊन रांगेत उभा राहिलो.